पिवळ्या गळ्याची पाल नवीन जात आहे का? डीएनएवर पैसे घालण्याआधी हे वाचा

प्रश्न असा आलाय की साताऱ्याकडे घरामागच्या डोंगरावर कातळाच्या कपारीत दिवसाढवळ्या फिरणाऱ्या बारक्या पाली दिसतात, त्यातल्या काहींचा गळा पिवळाधमक आणि काही नुसत्या मातकट, पुस्तकातल्या फोटोंशी दोन्ही धड जुळत नाहीत. तर डीएनए टेस्ट केली की नवीन जात सिद्ध होईल का, किती टक्के फरक आला म्हणजे नवीन म्हणायचं, आणि डीएनए हाताशी असताना भिंग लावून खवले मोजत बसायची गरजच काय.

मी गेली सतरा-अठरा वर्षं याच पालींच्या मागे सह्याद्री पालथा घालतोय त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली शंका सरळ सांगतो, तुमच्या त्या दोन प्रकारच्या पाली बहुतेक नवरा-बायको आहेत. या गटाला आम्ही निमॅस्पिस म्हणतो, बोटाएवढ्या पाली, बाहुली गोल, बोटं काडीसारखी बारीक, घरातल्या पालीसारख्या रुंद गाद्या बोटांना नसतात. यातल्या बऱ्याच जातींत नराचा गळा किंवा पोट पिवळं-केशरी असतं आणि मादी दगडाच्या रंगाची. त्यात लहान पिल्लं तिसऱ्याच रंगाची, आणि एकच पाल सकाळी गारठ्यात काळपट दिसते ती दुपारी फिकट होते. म्हणजे नुसत्या रंगावर गेलात तर एका कपारीत चार जाती सापडतील!

नर ओळखायची खूण रंगात नाही, मांडीच्या खाली असते. तिथे खवल्यांवर बारीक छिद्रांची एक रांग असते, मेणासारखा स्राव येतो त्यातून, त्याला फेमोरल पोअर म्हणतात. काही जातींत गुदद्वाराच्या पुढेही अशी छिद्रं असतात, काहींत नुसती मांडीवर. मादीला ती नसतात. किती छिद्रं, कुठे, मध्ये किती खवले मोकळे, हे सगळं जात ओळखायला अतिशय कामाचं असतं पण ते फक्त मोठ्या नरातच बघायचं असतं. मी स्वतः सुरुवातीला एक अख्खा उन्हाळा 'बिनछिद्राची वेगळी पाल' म्हणून नोंदी करत बसलो होतो आणि एका सिनियरने वही बघून एवढंच विचारलं, यातला एक तरी नर आहे का रे? नव्हता.

आता डीएनएकडे येऊ. इथे बहुतेक सगळ्यांचा एक घोळ होतो, दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. एक प्रश्न, ही कुठली? दुसरा प्रश्न, ही सगळ्यांपेक्षा वेगळी आहे का? पहिल्या प्रश्नाला डीएनए एकदम झकास. जंगलखात्याने मटण पकडलं, ते बकऱ्याचं का भेकराचं हे शिजवल्यावर डोळ्याने कोण सांगणार, तिथे खवले-केस-शिंगं काहीच उरलेलं नसतं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००३ च्या सुमारास सायटोक्रोम बी या जीनच्या तुकड्यावर बेतलेली अशी पद्धत काढली की एकाच प्रायमरच्या जोडीने, म्हणजे वाचन सुरू करून देणाऱ्या डीएनएच्या दोन छोट्या तुकड्यांनी, असंख्य प्राण्यांचा तो तुकडा वाचता येतो आणि मग तो ओळखीच्या प्राण्यांच्या यादीशी ताडून बघायचा. त्याच वर्षी कॅनडात पॉल हेबर्ट यांनी डीएनए बारकोडिंगची कल्पना मांडली, सीओआय नावाच्या जीनमधली साधारण ६५० अक्षरं वाचायची आणि दुकानातल्या बारकोडसारखी वापरायची. पण बघा, बारकोड तेव्हाच चालतो जेव्हा दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये तो माल आधीच नोंदलेला असतो. नोंदच नसेल तर मशीन फक्त 'सापडलं नाही' म्हणतं. 'सापडलं नाही' म्हणजे 'नवीन आहे' असा अर्थ होत नाही, कदाचित ती जात १८५३ मध्येच कोणी इंग्रजाने लिहून ठेवली असेल आणि तिचा डीएनए आजवर कोणी काढलाच नसेल.

आणि हे होतं, सारखं होतं. जर्डन नावाच्या इंग्रजाने १८५३ मध्ये मैसुरी निमॅस्पिसचं वर्णन केलं, जुनी वर्णनं म्हणजे चार ओळींत खेळ खलास, आणि ज्या नमुन्यावरून केलं तो नमुनाच पुढे हरवला. मग २००९ मध्ये नव्याने नमुना ठरवून, त्याला निओटाइप म्हणतात, परत सविस्तर वर्णन करावं लागलं. जोवर मूळ 'मैसुरी' कोण हेच नक्की नव्हतं तोवर बाकीच्यांना वेगळं कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि जिथे जुने नमुने शाबूत आहेत तिथेही बरेचसे फॉर्मलिनमध्ये मुरलेले असतात, फॉर्मलिन डीएनएचं पार वाटोळं करतं. तिथे तुलना करायची तर परत खवले, छिद्रं, मापं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, नाव हे नमुन्याला चिकटलेलं असतं आणि तो नमुना आपल्याशी फक्त खवल्यांच्या भाषेत बोलू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे जिथून मूळ नमुना घेतला त्याच गावी जाऊन ताजा नमुना आणायचा आणि त्याचा डीएनए काढायचा. आमचं अर्धं आयुष्य यातच जातं, दीडशे वर्षांपूर्वीच्या कोणा साहेबाने 'बॉम्बे' लिहिलंय म्हणजे नक्की कुठलं बॉम्बे हे शोधण्यात.

टक्क्यांचं बोलायचं तर तुमच्यासारखे मेसेज मला महिन्याला दोन-तीन येतात, सर पाच टक्के आला नवीन आहे का. मी विचारतो, पाच टक्के कुठल्या जीनमध्ये? जीन सगळे एका वेगाने बदलत नाहीत. बेडकांत १६एस नावाचा जीन वापरतात तो सावकाश बदलतो, तिथे तीन टक्के फरक दिसला तरी माणूस सावध होतो. पालींत एनडी२ वापरतात तो पळत सुटलेला असतो, तिथे तेवढ्या फरकाला कोणी विचारत नाही. त्यात या बारक्या पाली म्हणजे घरकोंबड्या, एक डोंगर सोडून दुसऱ्यावर जात नाहीत, मधली गरम सपाटी ओलांडायची त्यांची हिंमत नाही. त्यामुळे एकाच जातीच्या दोन डोंगरांवरच्या पालींतही फरक साठत जातो. पक्ष्यांसाठी काढलेला टक्क्यांचा आकडा पालींना लावणं म्हणजे सोन्याच्या काट्यावर ऊस तोलणं.

यातली खरी मेख सांगतो, जी पेपर वाचून कळत नाही. समजा एक जात महाबळेश्वरपासून आंबोलीपर्यंत सलग पसरलीय आणि डीएनए थोडा थोडा बदलत गेलाय, उत्तरेकडून दक्षिणेकडे. तुम्ही फक्त महाबळेश्वरच्या तीन आणि आंबोलीच्या तीन पाली घेतल्या तर झाडावर, म्हणजे आम्ही जी वंशावळ काढतो तिच्यावर, दोन सुंदर फांद्या दिसणार, मध्ये भलामोठा गॅप, आणि तुम्ही खुशाल दोन जाती जाहीर करणार. मधल्या डोंगरांवरचे नमुने घातले की तो गॅप बुजायला लागतो. गॅप पालींत नव्हताच, तुमच्या एसटीच्या तिकिटांत होता! म्हणून कोणी दोन-दोन नमुन्यांवर नवीन जात काढली की मी आधी नकाशा बघतो, मधे कुठे कुठे गेलेच नाहीत ते.

अजून एक भानगड. आपण स्वस्तात जे वाचतो ते बहुधा मायटोकाँड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचं, डीएनए असतं आणि ते फक्त आईकडून येतं. म्हणजे ती आईच्या माहेरची गोष्ट झाली, बापाकडचं काहीच कळत नाही. अलास्कात ॲडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचागॉफ नावाची बेटं आहेत, तिथली तपकिरी अस्वलं दिसायला-वागायला सगळी तपकिरीच पण मायटोकाँड्रियाचा डीएनए बघितला तर तो ध्रुवीय अस्वलांच्या जवळचा निघतो, कारण जुन्या काळी दोघांत संकर झाला आणि आईकडचा वारसा तसाच राहून गेला. नुसता तोच तुकडा वाचला असता तर त्या अस्वलांना पांढरं ठरवावं लागलं असतं. म्हणून न्यूक्लियर जीनही, म्हणजे पेशीच्या केंद्रकातले, आई-बाप दोघांकडून आलेले, वाचायचे, आणि दोन्हींची गोष्ट जुळतेय का बघायचं.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हणाल हा जुन्या वळणाचा माणूस डीएनएवर खार खाऊन आहे. खवल्यांनी आपल्याला व्यवस्थित फसवलंय. रत्नागिरीच्या सड्यांवर जमिनीवर राहणारी एक पट्टेरी पाल आहे, १९६३ मध्ये ग्रँडिसन आणि सोमण यांनी तिचं वर्णन केलं, अल्बोफॅसिॲटस. तिला ठेवलं टेराटोलेपिस या वेगळ्या गटात, सिंधकडच्या एका जाड शेपटीच्या पालीबरोबर. डीएनए वाचल्यावर कळलं की हे सगळे वेगळे बिगळे कोणी नाहीत, आपल्या घरच्या पालींच्या हेमिडॅक्टिलस गटातच मधोमध बसतात, जमिनीवर राहायला लागून रूप बदललं इतकंच. मग २००८ मध्ये त्या सिंधकडच्या पालीला हेमिडॅक्टिलसमध्ये आणलं तर तिचं 'फॅसिॲटा' हे नाव तिथे आफ्रिकेतल्या एका पालीने आधीच घेतलेलं, मग हिचं बारसं परत, इम्ब्रिकेटस. नावांच्या या भाऊबंदकीवर एक वेगळा लेख होईल.

हरणटोळ तर सगळ्यांना माहीत आहे, हिरवा लांब नाकाचा साप, झाडावरून डोळे फोडतो वगैरे काहीच्या काही समज आहेत त्याबद्दल. कोकण, घाट, देश, श्रीलंका सगळीकडचा एकच म्हणून अहेटुला नासुटा या नावाने चालला होता. २०२० मध्ये डीएनए आणि शरीराची मापं दोन्ही घेऊन काम झालं तेव्हा कळलं की नासुटा फक्त श्रीलंकेत, आपल्याकडे घाटातला उत्तरेकडचा तो बोरिॲलिस आणि खालच्या कोरड्या भागातला लांब नाकाचा तो ऑक्सिरिंका. आता फोटो समोर ठेवून नाकाची लांबी बघितली की आपण म्हणतो अरे हो की, फरक तर दिसतोय! आधी दिसत नव्हता कारण बघायला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या मते डीएनएचं सगळ्यात मोठं काम हेच, कुठे परत नीट बघायचं ते दाखवणं. सोनेरी पाठीच्या बेडकांचंही तसंच झालं, 'टेंपोरॅलिस' म्हणून आपण जे सह्याद्रीत नोंदवत होतो ती जात २०१४ मध्ये फक्त श्रीलंकेची निघाली आणि घाटात सहा नवीन जाती आल्या.

आणि सगळ्यात गोड उदाहरण तुमच्या साताऱ्याचंच आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उन्हाळ्यात गळ्याचा पंखा उघडून नाचणारा सरडा बघितला असेल, निळा-काळा-केशरी. २०१६ पर्यंत आपल्याकडचे पंखेवाले सरडे जवळजवळ सगळे सिताना पाँटिसेरियाना या १८२९ च्या नावाखाली ढकललेले होते. मग द्वीपकल्पभर फिरून नमुने गोळा केले, डीएनए, हाडं, पंख्याचा आकार, रंग सगळं मिळून बघितलं तर पाच नवीन जाती आणि एक अख्खा नवीन जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, निघाला, आणि त्या जीनसचं नाव ठेवलं सराडा, आपल्या मराठी सरड्यावरून! चाळकेवाडीचा तो सराडा सुपर्बा. यात बघण्यासारखं असं की डीएनएच्या फांद्या आणि पंख्याची ठेवण एकाच बाजूला बोट दाखवत होत्या, सराडांचा पंखा मोठा, पोटाकडे मागपर्यंत गेलेला आणि कडेला दातेरी. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता तेच सांगतात तेव्हा कोर्टसुद्धा मान डोलावतं. मादीला मात्र असा पंखा नसतो, त्यामुळे एकट्या मादीचा फोटो पाठवून 'कुठली' विचारलंत तर मी गप्प बसतो.

साक्षीदार दोनच असतात असंही नाही. युरोपातलं पिपिस्ट्रेल वटवाघूळ एक जात म्हणून चालायचं, मग १९९० च्या दशकात लक्षात आलं की काही ४५ किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतात आणि काही ५५ च्या, आणि १९९७ मध्ये डीएनएने शिक्कामोर्तब केलं की खरंच दोन जाती आहेत. म्हणजे हातात धरून ओळखू न येणारी वटवाघळं एकमेकांना आवाजावरून बिनचूक ओळखत होती. बेडकांतही तेच, पावसात डबक्याकाठी रेकॉर्डर घेऊन बसलेला माणूस लॅबवाल्याच्या आधी सांगतो की इथे दोन प्रकारचे ओरडतायत. आणि कधीकधी उलटंही होतं, जाती कमी होतात. रेडपोल नावाचे उत्तरेकडचे छोटे पक्षी तीन जाती म्हणून मोजायचे, रंग आणि चोच वेगळी म्हणून, जीनोम वाचल्यावर दिसलं की बाकी सगळं सारखंच, फक्त एका गुणसूत्राच्या तुकड्यावर रंग-चोचीचा खेळ आहे, आणि २०२४ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञांच्या संस्थेने त्यांची एकच जात केली. तुमच्या पिवळ्या आणि मातकटचं असंच काहीतरी असू शकतं हे डोक्यात ठेवा.

जाता जाता शब्दाचं, तुम्ही 'प्रजाती' लिहिलंय, पेपरवालेही तेच लिहितात, पण विश्वकोशात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. मी भांडणं सोडून दिलीत, फक्त स्वतः जात लिहितो.

आता करायचंच असेल तर कामाचं बोलतो. पाल पकडणं, शेपटीचं टोक कापणं हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतं, परवानगी वनविभागाकडून, आणि ती संस्थेतर्फे मागितली तर मिळायची शक्यता जास्त, एकट्याने हौस म्हणून करू नका, नसत्या लफड्यात अडकाल. नमुन्याचं बोलायचं तर शेपटीचा काही मिलिमीटरचा तुकडा पुरतो, तो चांगल्या इथेनॉलमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलायचं. लेबल पेन्सिलने कागदावर लिहून ट्यूबच्या आत, कारण पेनाची शाई दारूत उतरते आणि तुमच्याकडे उरतात पांढरे कागद. जिवंतपणीचा फोटो आधी, वरून खालून बाजूने, कारण इथेनॉलमध्ये तो पिवळा गळा काही दिवसांत पांढरा पडतो आणि मग शंभर वर्षांनी कोणीतरी लिहितं 'गळा पांढुरका'. खवले मोजताना शेपूट मूळची आहे का तुटून परत आलेली ते आधी बघा, परत आलेल्या शेपटीचे खवले पार वेगळे असतात, त्याच्यावरून मी मी म्हणणारे घसरलेत. आणि मोजणारा एकच माणूस ठेवा, शक्यतो त्याला ही पाल कुठल्या डोंगराची ते न सांगता मोजायला लावा. आपल्याला हवं ते दिसायला डोळे फार पटकन शिकतात.

लेबलांचा विषय निघालाच तर आमचीच फजिती सांगतो. एकदा आमच्या झाडावर एका डोंगरातली पाल दुसऱ्याच डोंगराच्या फांदीवर जाऊन बसली. आम्ही महिनाभर हवेत, एकाच कड्यावर दोन जाती एकत्र राहतात म्हणून पेपरचं टायटलसुद्धा ठरलं होतं. मग उरलेल्या तुकड्यातून डीएनए परत काढला तर पाल गुपचूप आपल्या घरी परतली, दोन ट्यूबांची झाकणं आमच्याच हातून अदलाबदल झाली होती. तेव्हा संशय आधी आम्हाला शेपटीच्या खवल्यांनी आणला होता, ते त्या फांदीच्या बाकी पालींशी जुळत नव्हते आणि आम्ही 'आश्चर्यकारक साम्याचा अभाव' वगैरे काहीतरी लिहून ते ढकललं होतं. म्हणून विचारताय ना खवले कशाला मोजायचे, यासाठी. इंटरनेटवरच्या जीनबँकेतही, जिथे जगभरचे लोक वाचलेला डीएनए टाकतात, चुकीच्या नावाने टाकलेले सिक्वेन्स म्हणजे डीएनएची अक्षरं आहेत, ९९ टक्के जुळलं म्हणजे ज्याने अपलोड केलं त्याने नाव बरोबर लिहिलं होतं असं नाही.

तुमच्या डोंगराचं म्हणाल तर नवीन काही नसेलच असं मी म्हणत नाहीये. साताऱ्याच्या कास पठारावरून २०१४ मध्ये निमॅस्पिस गिरी आली, कोल्हापूरकडून २००९ मध्ये कोल्हापुरेन्सिस, आंबोलीहून २०१६ मध्ये पिवळ्या पोटाची फ्लॅव्हिव्हेंट्रॅलिस, त्यामुळे आशा ठेवायला जागा आहे. फक्त लॅबला पैसे पाठवण्याआधी फुकटातलं एक काम करा. पालींना हात न लावता पुढचे काही महिने त्या कपारी बघा, झूम लावून. या पालींची कातडी इतकी पातळ असते की पोटात अंडी असली की खालच्या बाजूने पांढरी दिसतात, बहुधा दोन. अंडी असलेली पाल दिसली की तिचा गळा बघायचा आणि वहीत लिहायचं, तारीख टाकून, दगड कुठला ते पण. सगळ्या अंडीवाल्या मातकट निघाल्या तर तुमचं कोडं सुटलं आणि पैसे वाचले. पिवळ्या गळ्याची आणि पोटात अंडी असलेली एक जरी दिसली तर फोटो मला पाठवा, जागेचं नाव मात्र कुठेही जाहीर टाकू नका, आणि मग मी स्वतः गाडी काढून येतो.